हवालदार कशाने मेला

माझी बायको गेली आणि तिचा धाकटा भाऊ मला आधार द्यायला आला. सोबत त्याची बायको आली, मोठ्या बॅगा आल्या आणि त्याची आरामखुर्ची आली. आधार द्यायला निघालेला माणूस स्वतःची खुर्ची घेऊन येतो तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण त्या दिवसांत मला काहीच समजत नव्हतं. कुणी ताट पुढे ठेवलं की जेवायचो, उचललं की उठायचो.

मेहुणा एका कचेरीत हेडक्लार्क होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हेडक्लार्क अंगातून गेलेला नाही. बसल्या जागेवरून दुसऱ्याला कामाला लावणं एवढं एकच काम त्याला येतं. आमच्या घरी त्याने कधी साधं बिस्किट आणलं नाही. बायको दवाखान्यात होती तेव्हासुद्धा मोकळ्या हाताने यायचा आणि तिच्या उशाशी ठेवलेली सफरचंदं खाऊन जायचा. "ताई, तुला नाही ना जात? उगाच वाया जातील," म्हणायचा. ती हसायची. मला नाही हसू यायचं.

तिला तो पक्का ठाऊक होता. आमच्या पायरीवर आला की तो बेल वाजवत नाही, खाकरतो. त्याचं खाकरणं ऐकू आलं की ती आतूनच म्हणायची, "आला! हात हलवत आला!" वर्षानुवर्षं म्हणत आली. आणि तिचं ऐकून हवालदारही म्हणायला लागला.

हवालदार म्हणजे तिचा पोपट. करड्या रंगाचा, लाल शेपटीचा. त्याचा पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेला असायचा. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचा म्हणून तिने हे नाव दिलं. तिचं बोलणं त्याने जसंच्या तसं उचललं होतं. नुसते शब्द नाहीत, पहिलं अक्षर लांबवायची तिची सवय, मध्येच घेतलेला श्वास, सगळं. संध्याकाळी मी दिवा लावला की तो म्हणायचा, "अहो, दार लावा, डास येतील." ती गेल्यावरही म्हणायचा. मी उठून दार लावायचो. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच राहिला नव्हता. फोनवर बोलायला तिला आवडायचं नाही आणि आम्ही काही एकमेकांचे आवाज साठवून ठेवणारी माणसं नव्हतो.

तर मेहुणा फिरून यायचा, पायरीवर खाकरायचा, आणि आतून माझी मेलेली बायको ठणकावून सांगायची, "आला! हात हलवत आला!"

एकदा समोरचे मास्तर बसले होते तेव्हा हे झालं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, त्यांना हसू आवरेना. मेहुण्याचं तोंड उतरलं.

"दाजी, या पक्ष्याला जरा चांगलं काहीतरी शिकवा," तो मला म्हणाला.

"तो शिकलाय की. मास्तरांना विचार, उच्चार कसे स्वच्छ आहेत."

"माणसाचा अपमान होतो घरात."

"त्याला अपमान काय कळतो? कानावर पडलं ते बोलतो."

"म्हणजे ताई असं म्हणायची?"

"आवाज कुणाचा आहे, तूच ऐक."

तो खुर्चीत जाऊन पडला आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही. मला ती संध्याकाळ फार छान गेली.

त्याच्या बायकोचं निराळंच होतं. ती मला दाजी म्हणते, मी तिला वहिनी म्हणतो, आणि यापलीकडे आमच्यात बोलण्यासारखं काही नाही. आल्यापासून तिने माझ्या बायकोचं स्वयंपाकघर 'लावायला' घेतलं. डबे बदलले, मांडणीच्या फळ्या बदलल्या, पडदा बदलला. प्रत्येक वस्तू काढताना म्हणायची, "वन्संचं आपलं काहीतरीच." एक दिवस बायकोचा बिडाचा तवा दिसेना. जड, काळा, लग्नानंतर आम्ही दोघांनी जाऊन घेतलेला. त्याच्या जागी चकचकीत नॉन-स्टिक तवा.

"तवा कुठे आहे?" मी विचारलं.

"हा काय. बघा तरी किती हलका आहे!"

"तो जुना."

"अहो दाजी, घासून घासून हात मोडायचे त्या लोखंडाने. वन्संचा जीव कसा राहिला त्याच्यात, देव जाणे. हा बघा, नुसतं फडकं फिरवलं की लख्ख!"

मी गप्प बसलो. त्या काळात मी गप्पच बसायचो, आणि गप्प बसणाऱ्या माणसाच्या घरात काय काय बदलता येतं हे त्या दोघांना बरोबर समजलं होतं. हवालदार बोलायला लागला की ती पिंजऱ्यावर टॉवेल टाकायची. टॉवेलाखालून तो तिच्याच नवऱ्याच्या नावाने ओरडायचा.

मी अजून सकाळी गॅरेजमध्ये जातो. गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करणं हे माझं काम. एकदा दुपारी घरी आलो तर थंडीच्या दिवसांत घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. दोघांपैकी कुणी कधी खिडकी उघडत नाही. मेहुण्याला वारा बाधतो. पिंजरा दाराशी नव्हता. मागच्या पडवीत, फरशीवर ठेवलेला होता. हवालदार तळाशी पडलेला, चोच उघडी, पंख अर्धवट पसरलेले. हात लावला तर गार.

"म्हातारा झाला होता हो," मेहुणा मागून म्हणाला. "वन्संच्या मागे गेला बिचारा," त्याची बायको म्हणाली.

मी दाण्याची वाटी बघितली. घासून, पुसून, पालथी घातलेली.

"ही कुणी धुतली?"

"मीच. तशीच कशी ठेवणार?"

"आणि पिंजरा इकडे का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ऊन दाखवायला," ती म्हणाली. पडवीत दुपारी ऊन येत नाही. माझ्या बायकोला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

"चला, उरकून टाकू," मेहुणा म्हणाला. "मी मागे खड्डा खणून ठेवलाय."

खड्डा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःचा पाण्याचा पेला स्वतः भरला नाही त्याने खड्डा खणला होता. खोल, चांगला चौकोनी. तो पाहिला आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. वाटी धुतलेली, खड्डा तयार, खिडक्या उघड्या. महिनोन्महिने जो राग बाहेर पडत नव्हता तो पडला.

"विष घातलंस तू त्याला."

"काय बोलताय दाजी!"

"तुझं खरं बोलत होता म्हणून घातलंस. तिचा आवाज बंद करायचा होता तुला."

आवाज चढले तसे मास्तर समोरून चपला अर्ध्या घालूनच आले. त्यांना पाहून मेहुण्यातला हेडक्लार्क जागा झाला. तो सरळ उभा राहिला, शर्ट खाली ओढला.

"मास्तर, तुम्ही साक्षीला आहात. दाजी मला खुनी म्हणतायत. करू द्या यांना तपास. न्या तो पोपट हव्या त्या डॉक्टरकडे. विष निघालं तर आम्ही त्याच दिवशी बॅगा उचलतो. आणि नाही निघालं तर यांनी इथेच, तुमच्यासमोर माझी माफी मागायची, आणि 'तुम्ही कधी जाणार' हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"कबूल," मी म्हणालो.

"अहो, विचार करा जरा," मास्तर मला हळूच म्हणाले.

"कबूल म्हणालो ना."

हवालदाराला मी कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला. वर बर्फाच्या कप्प्यात ठेवणार होतो, पण तिथे मेहुण्याचं आइसक्रीम ठासून भरलेलं. म्हणून खाली, दुधाशेजारी. वहिनीने तोंडावर पदर घेतला. "दुधापाशी मेलेलं!" मग संध्याकाळी तिने अंथरूणच धरलं. दोन रजया अंगावर, दात वाजतायत, "छातीत दाटलंय, श्वास लागतोय" असं कण्हणं. मेहुणा माझ्याकडे असा बघत होता जणू मीच तिला मारत होतो. मी मनात म्हटलं, नाटक करायचं तर निदान चांगलं तरी करा. सकाळी उठून ती चहात बिस्किटं बुडवून खात होती.

मी आधी पोलीस चौकीत गेलो. तिथे टेबलाशी बसलेला शिपाई म्हणाला, "मयताचं नाव?" मी म्हटलं, "हवालदार." पुढचं सगळं संभाषण वाया गेलं. आतल्या खोलीतून दोघं-तिघं बघायला आले. हसून झाल्यावर त्यांनी मला जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजचा पत्ता दिला. तिथे संशयास्पद रीतीने मेलेली जनावरं तपासतात म्हणाले. त्यांच्याकडून एवढं एकच काम झालं.

कॉलेजच्या मागे एक बैठी इमारत होती. आत फरशी, मधोमध स्टीलचं टेबल, टेबलाला पाणी जायला भोक, भिंतीला नळी. एका कोपऱ्यात गमबूट वाळत घातलेले. तपासणारी डॉक्टरीण पन्नाशीची होती, केस कापलेले, आवाज कोरडा. टेबलापासून हातभर अंतरावर उभी राहून क्रीमची बिस्किटं खात होती. मला तेव्हाच ती आवडली नाही.

"फ्रीजरमध्ये ठेवला होता का?" तिने पहिलं विचारलं.

"नाही. साध्या फ्रीजमध्ये."

"बरं केलंत. गोठला की आतलं सगळं फुटतं, मग मला काही कळत नाही. अंघोळ वगैरे घातलीत का?"

"पोपटाला?"

"लोक घालतात. काल एकाने मेलेल्या कुत्र्याला साबण लावून आणलं. पायाला काय लागलं होतं ते सगळं गटारात." तिने बिस्किटाचा पुडा मिटला. "तुमचा संशय कुणावर?"

"मेहुण्यावर. विष घातलंय. दाण्यातून." मी दाण्याची पिशवी टेबलावर ठेवली. "हे तपासा."

"तुम्हाला उत्तर माहीत आहे तर माझ्याकडे कशाला आलात?"

तिने मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बाकावर एक माणूस मेलेली कोंबडी मांडीवर घेऊन बसला होता. त्याने विचारलं, "तुमचं काय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "पोपटाला कोण मारेल?" मी म्हटलं, "माझ्या मेहुण्याला ओळखत नाही तुम्ही."

तिने आत बोलावलं तेव्हा हवालदार टेबलावर नव्हता. ट्रेमध्ये त्याच्या आतल्या वस्तू वेगवेगळ्या मांडल्या होत्या. मी बघायचं टाळलं, पण तिने बघायला लावलं.

"ही गळ्यातली अन्नपिशवी. भरलेली. पोट भरून खाल्लं आणि लगेच मेला. काविळीसारखं काही नाही, आतड्यात रक्त नाही. दाणे मी प्रयोगशाळेत पाठवते, पण त्यात काही सापडेल असं वाटत नाही."

मास्तरांसमोर उभा राहून माफी मागणारा मी मला दिसला, आणि माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात मरेपर्यंत बसलेली ती दोघं दिसली.

"म्हणजे आपोआप मेला?"

"असं मी म्हटलं का? हे बघा." तिने चिमट्याने काहीतरी उचललं. "फुप्फुसं. गुलाबी असायला हवीत. ही काळपट लाल, पाणी भरून जड झालेली. जे काही गेलं ते पोटातून नाही, श्वासातून गेलं. पक्ष्याची श्वासाची रचना वेगळी असते. जी हवा आपल्याला नुसती खोकला आणते तिच्यात तो मिनिटांत मरतो. घरात रंगकाम? फवारणी? गॅसगळती?"

"काही नाही."

"त्या दिवशी घरात कुणी आजारी पडलं?"

"कुणी नाही. मेहुण्याच्या बायकोने सोंग घेतलं होतं."

"कसलं सोंग?"

मी सांगितलं. रजया, दात वाजणं, छातीत दाटणं, आणि सकाळी बिस्किटं. डॉक्टरीण माझ्याकडे बघतच राहिली. मग हातमोजे काढून तिने साबणाने हात धुतले, बराच वेळ.

"उद्या तुमच्या घरी येते," ती म्हणाली. "जागा बघितल्याशिवाय मी कागदावर काही लिहीत नाही. आणि घरी काही बोलू नका. विशेषतः तुम्ही."

दुसऱ्या दिवशी ती आली. मेहुण्याने मास्तरांना आधीच बोलावून बसवलं होतं, माफीला साक्षीदार हवा म्हणून. स्वतः धुतलेला शर्ट घालून आरामखुर्चीत बसला होता. डॉक्टरीणबाईंना बघून उठलासुद्धा. शिकलेल्या माणसाला बघून तो उठतो.

"या, या. निकाल काय आहे ते सांगूनच टाका. विष निघालं?"

"आधी घर बघते," ती म्हणाली.

पिंजऱ्याचा हूक बघितला. तिथून स्वयंपाकघराचा ओटा बघितला. चार पावलंसुद्धा नाहीत. खिडकी उघडून-लावून बघितली. वहिनी तिच्या मागे मागे फिरत होती. पाहुण्याने आपलं स्वयंपाकघर बघावं ही तिची हौस, आणि पाहुणी डॉक्टर.

"तुम्हाला फार बरं नव्हतं म्हणे त्या संध्याकाळी," डॉक्टरीण सहज म्हणाली.

वहिनीचा चेहरा खुलला. तिच्या दुःखाची कुणीतरी चौकशी केली होती. "बरं कसलं! धक्काच बसला हो मला. इतका जीव होता माझा हवालदारावर. अंग थाडथाड उडत होतं. छातीत असं दाटून आलं, श्वास पुरेना. खोकला, ताप. रात्रभर! सकाळी उतरलं आपोआप. काही काही माणसांना दगडासारखं बसता येतं," इथे तिने माझ्याकडे पाहिलं, "मला नाही जमत."

मास्तर खाली बघत होते. पिंजऱ्यावर टॉवेल कोण टाकायचं ते त्यांनाही माहीत होतं.

"आणि हा तवा नवा दिसतो," डॉक्टरीण म्हणाली. तिने तो उचलून उजेडात धरला.

"नवाच. मी आल्यावर घेतला. आधी इथे बिडाचं एक धूड होतं." वहिनीने तवा तिच्या हातातून घेऊन उलटसुलट दाखवला, दुकानात दाखवतात तसा. "याला काही होतच नाही बघा. आता तुम्हाला सांगते, परवा गॅसवर रिकामा ठेवला तापायला, आणि बहिणीचा फोन आला. आमचं बोलणं तुम्हाला माहीत नाही, तासाशिवाय संपत नाही. आठवण झाली तेव्हा घरभर नुसता धुरकट वास! मी म्हटलं गेला तवा. पण बघा, डाग नाही. वन्संचं ते बीड असतं तर लालभडक झालं असतं."

"परवा म्हणजे?" डॉक्टरिणीने विचारलं.

"परवाच. हवालदार गेला त्या..."

ती थांबली. तिला अजून काही समजलं नव्हतं. फक्त आपण गॅसवर भांडं विसरलो ही गोष्ट माझ्यापासून लपवायची होती, ती तोंडातून गेली, एवढंच तिला वाटलं. तिने घाईने पुढे जोडलं, "मी लगेच खिडक्या उघडल्या हो. पिंजरापण बाहेर नेला, त्याला ठसका लागला होता म्हणून. आता दाजींना सांगितलं असतं तर ते गॅसवरून ओरडले असते."

डॉक्टरिणीने तवा ओट्यावर ठेवला.

"या तव्यावर जो थर असतो तो फार तापला की त्यातून वायू सुटतो. डोळ्यांना धड दिसत नाही. माणसाला त्याने काही तासांनी थंडी-ताप येतो, छाती भरते, दुसऱ्या दिवशी उतरतं. तुम्हाला आला तसा. पक्ष्याचं फुप्फुस जळतं. तुमचा पोपट याने मेला."

मग मेहुण्याने घसा साफ केला. मी हुकाकडे बघितलं. तिकडून काही आलं नाही.

"म्हणजे विष नाही," तो म्हणाला. "मास्तर, ऐकलंत? वाफ. भांड्याची वाफ. विष म्हणजे कुणीतरी घातलेलं असतं. दाण्यात काही निघालं का? नाही ना?"

"दाणे स्वच्छ आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "पण मी मृत्यूचं कारण विषबाधाच लिहिणार. विषारी वायू श्वासात गेला, त्याला दुसरा शब्द नाही. कुणी मुद्दाम केलं असं लिहिणार नाही, कारण मुद्दाम केलेलं दिसत नाही. आता तुमच्यात काय पैज आहे ती तुम्ही बघा. मला दोन म्हशी बघायच्या आहेत."

ती निघाली. दारात थांबून मला म्हणाली, "दुसरा पक्षी आणलात तर स्वयंपाकघरापाशी टांगू नका." मी म्हटलं, "आणणार नाही." ती मान हलवून गेली. तिला थँक्यू म्हणायचं राहिलं.

आत आलो तर वहिनी रडत होती. या वेळी खरं रडत होती, आवाज नव्हता. ती रडताना मला बरं वाटावं अशी मी वाट बघत होतो, पण तसं काही वाटलं नाही. तवा अजून ओट्यावर होता, लख्ख.

मेहुणा मात्र तयारीत होता. "चूक माणसाकडून होते दाजी. पण तुम्ही मला खुनी म्हणालात. यांच्यासमोर. त्याचं काय?"

मास्तर म्हणाले, "अहो, जाऊ द्या ना आता."

"का जाऊ द्या? तत्त्वाचा प्रश्न आहे."

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "बरोबर आहे तुझं. मी म्हणालो होतो की तू मुद्दाम मारलंस. ते खोटं निघालं. मुद्दाम काही करायला विचार करावा लागतो, आधी उठावं लागतं. तेवढं तुझ्याच्याने व्हायचं नाही हे मला कळायला हवं होतं. मास्तरांसमोर तुझी माफी मागतो."

मास्तरांना खोकला आला.

"आणि तो खड्डा?" मी विचारलं. "तो तरी का खणलास?"

तो म्हणाला, "तुम्ही गॅरेजमधून यायच्या आत उरकावं म्हटलं. तुम्ही ताईला नेली तेव्हा काही बोलला नाहीत. पोपटाच्या वेळी बोललात तर काय करायचं, मला कळेना."

हे तो खरं बोलत होता. आयुष्यात एक काम केलं आणि तेही घाबरून. मला त्याची कीव आली नाही, पण ओरडावंसंही वाटेना.

"विष निघालं," मी म्हटलं. "बॅगा उचला."

संध्याकाळी टेम्पो आला. आरामखुर्ची त्यात आधी चढली. वहिनीने जाताना माझ्या पायाशी वाकून "चुकलं" असं काहीतरी म्हटलं. मी म्हटलं, "असू दे." यापेक्षा जास्त माझ्याकडे नव्हतं. मेहुणा टेम्पोवाल्याला दोरी कशी बांधायची ते सांगत होता.

ते गेल्यावर मी पडदा काढला. डबे परत जागेवर लावायला गेलो, पण कुठला कुठे होता ते मला आठवेना. ते तिलाच माहीत. बिडाचा तवा मागच्या अंगणात सापडला. कचऱ्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला होता, मांजरांनी पिंप पाडू नये म्हणून. वर गंज चढलेला, खाली काय काय चिकटलेलं. कॉलेजमधून मिळालेली हवालदाराची पेटी मी त्या चौकोनी खड्ड्यात ठेवली आणि माती ओढली. खड्डा चांगला खणला होता, हे मान्य करतो.

मग पायरीशी, आतल्या बाजूला, पाट घेऊन बसलो आणि विटेच्या तुकड्याने तवा घासायला लागलो. वहिनी म्हणाली होती ते खरं आहे, हात मोडतात. गंज लाल होऊन पाण्याबरोबर वाहत होता. दिवेलागण झाली. दार उघडंच होतं आणि डास आत येत होते.

फाटक वाजलं. पायरीवर कुणीतरी खाकरलं.

मी विचार केला नाही. तोंडातून आपोआप गेलं, पहिलं अक्षर लांबवून, मध्ये श्वास घेऊन, तिच्याच पट्टीत.

"आऽला! हात हलवत आला!"

तो पायरीवर जागच्या जागी थांबला. त्याची नजर आधी माझ्याकडे गेली नाही, वरच्या हुकाकडे गेली.

"तो... आमचा तवा राहिला इथे," तो म्हणाला. "हिने आणायला सांगितलाय."

"ओट्यावर आहे. घेऊन जा."

तो भिंतीला चिकटून आत गेला, तवा घेतला, छातीशी धरून बाहेर आला. फाटकाशी एकदा वळून बघितलं आणि गेला.

मी उठून दार लावलं.